दुसऱ्यांदा विचारणारा माणूस

विलायतेत मिल्टन कीन्सला विहाराच्या जयंतीच्या जेवणात ज्याला पथ्य सांभाळायचं असेल त्यानं आधी एक चौकशी करावी, की आपल्या रांगेला वाढायला कोण आहे. विलासभाऊ ओव्हाळ असतील तर गुपचूप उठून दुसऱ्या टेबलाकडे सरकावं. हॉल कम्युनिटी सेंटरचा, ताटं कागदाची, टेबलखुर्च्या घडीच्या. पण मसालेभाताचं पातेलं हातात आलं की विलासभाऊ थेट खडकीच्या पंगतीत जाऊन पोचतात. ताटावर आडवा हात धरणं ही त्यांच्या लेखी नकाराची खूणच नव्हे. "हात काढा," एवढंच ते म्हणतात, आणि हात निघाला नाही तर बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवतात. एकदा एका डॉक्टरबाईंनी काकुळतीला येऊन सांगितलं, "भाऊ, मला खरंच डायबेटिस आहे हो." भाऊ म्हणाले, "मग अर्धी घ्या." त्या प्रकरणात मात्र घरी गेल्यावर सुप्रभाताईंनी त्यांची चांगली हजेरी घेतली.

सुप्रभाताई भाऊंच्या पत्नी, इस्पितळात नर्स. त्यांच्याच नोकरीवर हे कुटुंब या देशात आलं. भाऊ एका सुपरमार्केटची व्हॅन चालवतात, घरोघर किराणा पोचवतात. वय सत्तावन्न, उंची बेताची, आवाज मोठा, गुडघे कुरकुरणारे. त्यांचा मुलगा सम्यक म्हणतो की या गावातल्या राउंडअबाउटांवर, त्या गोल चौकांवर, वर्षानुवर्षं फिरून बाबांचा स्वभावच तसा झालाय, कुठूनही निघाले तरी त्याच जागी परत येतात. "बाबा, नो म्हणजे नो. इथे असा पद्धत आहे," तो आपल्या विलायती मराठीत सांगतो. भाऊ म्हणतात, "पद्धत मला शिकवू नकोस. मी ती तुझ्या आधी शिकलोय."

कशी शिकले, ते सुप्रभाताई चारचौघांत रंगवून सांगत. तेव्हा ही मंडळी स्लाऊला राहायची. भाऊ नुकतेच पुण्याहून आले होते, सम्यक जेमतेम आठ महिन्यांचा, आणि भाड्याच्या घराचा बॉयलर ऐन डिसेंबरात बंद पडलेला. घरमालक आज बघतो, उद्या बघतो करत होता. अशात शेजारचे केन नावाचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, आमच्याकडे एक जादा हीटर पडून आहे, हवाय का? भाऊ पुण्याचे, घरंदाज संस्कारांचे. पहिल्या विचारण्याला कोण हो म्हणतं? ते हसून म्हणाले, "नो नो, थँक यू, वुई आर फाइन." केन म्हणाले, "राइट-ओ," आणि आत गेले. भाऊ घरात येऊन सुप्रभाताईंना म्हणाले, "हीटर येतोय. दुसऱ्यांदा विचारायला आला की हो म्हणतो." केन काही दुसऱ्यांदा आले नाहीत. त्या आठवड्यात हीटर चॅरिटी शॉपमध्ये, दानाच्या दुकानात, गेला. "हे इथं स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीत उभे," सुप्रभाताई सांगत, "आणि तो बिचारा केन तिकडं निवांत झोपलेला." इथं सगळे पोट धरून हसत. भाऊही हसत.

गोष्टीचा पुढचा भाग मात्र त्या कधी सांगत नसत. सम्यकची छाती भरली, ताप चढला आणि त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. पोर वाचलं. पण ऑक्सिजन लावलेलं ते निळसर पडलेलं बाळ भाऊंच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही. एका तोंडदेखल्या 'नको'पायी आपण पोर गमावलं असतं, हे त्यांच्या मनात कायमचं रुतून बसलं. पुढं ते ज्याला त्याला दोनदा, तीनदा विचारायला लागले, ते तेव्हापासून. लोकांना तो आग्रहीपणा वाटतो. असेलही. पण मुळात ती भीती आहे.

आता हा माणूस मदतीची गाडी घेऊन युद्धातल्या युक्रेनला कसा पोचला? तर किराणा पोचवताना. जवळच्या वुल्व्हरटनच्या एका घरी दर आठवड्याला नुसती पाकिटातली सुपं, मेणबत्त्या आणि लोकरी मोजे जायचे. भाऊंच्यानं राहवेना. त्यांनी विचारलं, तुम्ही खाता काय? घरमालक ग्रॅहम, उंच, किडकिडीत, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. त्यानं गॅरेज उघडून दाखवलं. आत छतापर्यंत स्लीपिंग बॅगा रचलेल्या, आणि एका कोपऱ्यात ट्रकच्या चाकांच्या जुन्या रिमा जोडून बनवलेल्या लोखंडी शेगड्या, लाकडावर पेटणाऱ्या, वर धुराडं बसवलेल्या. ग्रॅहम आणि त्याचे दोस्त हिवाळ्यात ही सगळी सामग्री व्हॅनमधून युद्धाच्या आघाडीजवळच्या गावांत नेऊन पोचवत. तिथं वीज जाते, गॅसची लाइन तुटते, घरांच्या काचा फुटतात आणि म्हातारी माणसं मागे राहतात. "व्हॅन आहे, ड्रायव्हर कमी आहेत," ग्रॅहम म्हणाला. भाऊंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

विहारातल्या प्रज्ञेशनं त्यांना अडवलं होतं. प्रज्ञेश चळवळीतला, तरुण, बोलायला तिखट. "भाऊ, आपल्या लोकांचे प्रश्न संपले काय?" भाऊ म्हणाले, "नाही संपले. ते परत आल्यावर तुझ्याबरोबर बघतो. पण तिकडं थंडी आत्ता पडलीय." प्रज्ञेश कुरकुरला, आणि मग स्वतःच दोन खोकी जाड मोजे आणून देऊन गेला.

सुप्रभाताईंचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. पहिल्या खेपेला त्यांनी आठवडाभर अबोला धरला. दुसऱ्या खेपेला निघताना म्हणाल्या, "अहो, मी रोज लोकांचे फुटलेले गुडघे बघते. तुम्हाला ड्रोन दिसला तर पळता तरी येणार आहे का?" हे बोलणं भाऊंना लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी शब्द दिला, ही जानेवारीची खेप शेवटची.

दुसरा शब्द ग्रॅहमला द्यावा लागला होता. ग्रॅहमचा एक नियम होता : दारात जायचं, काय आणलंय ते सांगायचं, एकदा विचारायचं. नको म्हटलं तर मान द्यायचा आणि निघायचं. कारण सुरुवातीला काही उत्साही मंडळींनी लोकांच्या गळ्यात वस्तू मारल्या होत्या, वर फोटोही काढले होते. ते ग्रॅहमला फार लागलं होतं. नियम चांगलाच होता. भाऊंनी तो पहिल्याच खेपेला मोडला. निळ्या दाराच्या एका घरातल्या म्हाताऱ्यानं स्लीपिंग बॅग नको म्हटली, तर भाऊंनी ती उंबऱ्यावर ठेवली. त्यानं परत दिली, भाऊंनी पुन्हा ठेवली. शेवटी म्हाताऱ्यानं ती व्हॅनच्या मागे भिरकावली आणि जे काही ओरडला ते दुभाषी ओक्सानानं इंग्रजीत सांगितलंच नाही. ग्रॅहम शांतपणे म्हणाला, "विलास, पुन्हा असं केलंस तर तू पोलंडपर्यंतच गाडी चालवायची." भाऊ वरमले. नको हे कधीकधी खरोखरचं नको असतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. आता एकदाच विचारीन, असा शब्द त्यांनी दिला.

तर अशा दोन शब्दांचं ओझं घेऊन जानेवारीत भाऊ निघाले. फ्रान्स, जर्मनी, पोलंड करत, खार्किव शहर मागे टाकून ते एका खेड्यात पोचले. ओक्साना तिथलीच, शाळेत शिकवणारी, आता शाळा बंद म्हणून या कामात. रस्त्यावर ड्रोन अडवायला जाळ्या टांगलेल्या. दूरवर धडधड चाललेली. तिकडचे लोक त्या आवाजाकडे आपण ट्रॅफिककडे करतो तसा कानाडोळा करतात. दिवस लहान, आणि अंधाराआधी गाव सोडायचं, हा ग्रॅहमचा दुसरा नियम. त्याबद्दल मात्र भाऊंची काही तक्रार नव्हती.

गल्लीच्या टोकाला हान्ना नावाच्या बाईंचं घर होतं. नवरा वारलेला, मुलगी दूर परक्या देशात, ह्या एकट्या. जवळ पडलेल्या तोफगोळ्याच्या हादऱ्यानं त्यांची भिंतीतली विटांची चूल तडकली होती, पेटवली की धूर घरात यायचा. हे ओक्सानाला शेजारणीकडून कळलं होतं, म्हणूनच व्हॅनमधली शेवटची शेगडी त्यांच्यासाठी ठेवली होती. दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, अंगावर दोन कोट, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. ग्रॅहमनं शेगडीचं सांगितलं, ओक्सानानं भाषांतर केलं.

हान्नाबाई म्हणाल्या, "मला नको. लेकरंबाळं आहेत त्यांना द्या."

ग्रॅहमनं अदबीनं मान झुकवली, "ऑफ कोर्स," म्हणाला आणि वळला.

भाऊंचे पाय हलेनात. त्यांना एकच गोष्ट दिसत होती. बाईंनी दार लावलं नव्हतं. ज्याला नको असतं तो दार लावून घेतो, निळ्या दारवाल्यानं धाडकन लावलं होतं तसं. या बाई मात्र बर्फाळ वारं घरात येऊ देत, चौकटीला धरून, व्हॅनच्या उघड्या मागच्या दाराकडे बघत उभ्या होत्या. हे नको भाऊंच्या ओळखीचं होतं. ते त्यांनी स्वतः कुंपणापाशी उभं राहून उच्चारलं होतं. आत्ता निघालो तर या बाई हा हिवाळा त्या धुरात काढणार, आणि कदाचित काढणारही नाहीत. आणि विचारायचं कसं? शब्द दिलेला. भाऊंना ग्रॅहमचा राग आला, मग स्वतःचा आला, मग त्या शब्दाचा आला.

"ओक्साना," ते म्हणाले, "त्यांना विचार, मला प्यायला थोडं गरम पाणी मिळेल का."

ग्रॅहम थबकला. "विलास, फ्लास्क आहे ना व्हॅनमध्ये." या लोकांकडे आधीच कमी, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, हेही त्याच्या नियमांतच बसायचं.

"आहे," भाऊ म्हणाले. "पण मला यांच्या घरचं पाहिजे. शेगडीचं मी काही बोललोय का?"

ओक्सानानं विचारलं. आणि हान्नाबाईंचा चेहराच पालटला. त्यांनी रुमाल सारखा केला, दार पुरतं उघडलं आणि तिघांना आत घेतलं. आत एकच खोली राहण्याजोगी उरली होती. खिडकीला प्लॅस्टिक, पलंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया, कोपऱ्यात ती तडकलेली पांढरी चूल. एका छोट्या गॅसच्या डब्यावर त्यांनी पाणी ठेवलं. नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून चहा झाला. नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून काळसर पाव निघाला. मग पलंगाखालून चेरीच्या मुरांब्याची बरणी आली. इतका वेळ सोसणारी एक म्हातारी बाई होती ती आता घरची मालकीण झाली, आणि भाऊंना एकदम बरं वाटलं.

त्यांनी मुरांबा लावलेला एक तुकडा खाल्ला. दुसरा समोर आला. एवढ्याशा बरणीतलं किती खायचं, म्हणून त्यांनी बशीवर आडवा हात धरला. हान्नाबाईंनी त्यांचं मनगट धरलं, हात उचलून बाजूला ठेवला आणि पाव वाढला.

विलायतेत आल्यापासून भाऊंचा हात ताटावरून कुणी काढला नव्हता. सारं आयुष्य दुसऱ्यांचे हात काढण्यात गेलेल्या माणसाला आज कुणीतरी वाढलं होतं. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

"ओक्साना, सांग त्यांना, मी नको म्हणालो होतो."

हान्नाबाईंनी हात झटकला. ओक्साना हसत म्हणाली, "त्या म्हणतात, कसलं नको. पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो."

ग्रॅहम गुडघे कसेबसे मुडपून स्टुलावर बसला होता. त्याच्याही बशीत दुसरा तुकडा होता. त्यानंही "नो, थँक यू" म्हटलं होतं. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग हान्नाबाईंकडे, मग भाऊंकडे. बोलायचं नाही हे भाऊंना फार जड जात होतं, पण शब्द म्हणजे शब्द. ग्रॅहमनं कप खाली ठेवला.

"ओक्साना," तो म्हणाला, "शेगडीचं पुन्हा एकदा विचारशील, प्लीज?"

हान्नाबाई रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाल्या, "खरंच कुणाच्या वाट्याची नसेल तर."

मग काय, भाऊंनी गुडघे विसरून शेगडी आत आणली. ग्रॅहमनं खिडकीच्या फुटक्या तावदानाच्या जागी पत्रा ठोकून त्यातून धुराडं बाहेर काढलं. आगीशी आयुष्य काढलेला माणूस, त्यानं कुठं फट राहू दिली नाही. लाकडं पेटली. खोली तापायला वेळ लागला. पण तापता तापता हान्नाबाईंनी अंगावरचा वरचा कोट काढला आणि खुंटीला टांगला. भाऊ त्या खुंटीवरच्या कोटाकडे बघत राहिले, ग्रॅहमनं निघायची हाक देईपर्यंत.

निघताना हान्नाबाईंनी उरलेल्या मुरांब्याची बरणी भाऊंच्या हातात कोंबली. भाऊंनी एकदा नको म्हटलं, पद्धत म्हणून, आणि घेतली. मग बाई ओक्सानाला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" भाऊंनी विचारलं.

"म्हणतात, याआधी दोन गाड्या आल्या होत्या. चांगली माणसं होती. त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं, ती गेली. मी दारातच उभी होते. मला वाटलं, परत विचारतील."

भाऊंना स्लाऊची ती खिडकी दिसली. केनचं फाटक कधी वाजतंय म्हणून कान देऊन ते स्वतः तिथं उभे होते, कडेवर कण्हणारं पोर. त्यांनी हान्नाबाईंचे दोन्ही हात धरले. युक्रेनियन येत नव्हतं आणि इंग्रजीत बोलण्यासारखं हे नव्हतं. "आई, येतो," ते मराठीतच म्हणाले.

गाव मागे पडलं. मग ग्रॅहम समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "इथून पुढे दोनदा विचारायचं." भाऊंनी तोंड उघडायच्या आत त्यानं जोडलं, "तिसऱ्यांदा नाही, विलास." जित्याची खोड त्याला चांगली ठाऊक होती.

घरी आल्यावर भाऊंनी सुप्रभाताईंना सगळं सांगितलं, पाव, मुरांबा, मनगट. त्या हसल्या. मग भाऊंनी हान्नाबाईंचं ते शेवटचं वाक्य सांगितलं. सुप्रभाताई उठून सिंकपाशी गेल्या आणि धुतलेलेच कप पुन्हा धूत बसल्या. पुढच्याच रविवारी विहारात कुणीतरी म्हणालं, "ताई, ती हीटरची गंमत सांगा ना." त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यात गंमत नाही."

मुरांबा पुरवून पुरवून खाल्ला तरी संपलाच. एका संध्याकाळी भाऊ कामावरून आले तर घरभर तुपाचा आणि तळलेल्या डिंकाचा वास. ओट्यावर ती बरणी, घासून लख्ख केलेली, आणि सुप्रभाताई त्यात डिंकाचे लाडू भरत होत्या, बरणीच्या तोंडातून जातील असे लहान लहान वळलेले.

"हे कुणाला?" भाऊंनी विचारलं.

"रिकामी बरणी परत देतात का कुणी? थंडीत बरे असतात. तिला खाता येतील, तिखट नाही काही." मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ग्रॅहमची पुढची गाडी कधी आहे? जाणार का तुम्ही?"

भाऊंना जायचं तर होतंच. पण शब्द दिलेला होता, आणि तो कुणाला दिला होता हे ते विसरले नव्हते. "नको," ते म्हणाले. "ओक्सानाच्या पत्त्यावर पाठवू कुणाबरोबर. तुला म्हणालो होतो ना, ती शेवटची."

सुप्रभाताईंनी शेवटचा लाडू बरणीत ठेवला, झाकण घट्ट लावलं, पदराला हात पुसले. मग वळून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.